अन्नाचा परवाना, औषधाचा दावा

वैशाखाच्या उत्तरार्धात, पावसाची पहिली सर कोसळण्याच्या आत, दक्षिण कोकणातल्या अंगणांतून रातांबे फोडण्याचे काम सुरू होते. गर आणि बिया एकीकडे, साली दुसरीकडे. त्या सालींना मीठ घातलेल्या रसाचे पुट द्यायचे, उन्हात वाळवायच्या, पुन्हा रसात बुडवायच्या, पुन्हा वाळवायच्या, आणि साल काळपट-जांभळी, चिवट व किंचित ओलसर होईपर्यंत हा क्रम चालू ठेवायचा. रसाचे आगळ होते, बियांतून निघणारे तेल थिजवून त्याचे गोळे हिवाळ्यात टाचांच्या भेगांसाठी जपून ठेवले जातात, आणि आमसुले बरणीत जाऊन वर्षभर आमटीला नि माशांच्या कढीला पुरतात. गोव्यात ज्याला भिरंड म्हणतात त्या या झाडाचा एक जवळचा भाऊबंद केरळात कुडंपुळी आणि उत्तर कन्नड जिल्ह्यात उप्पगे या नावाने प्रसिद्ध आहे. त्याच्या धुरावर वाळवलेल्या सालीवाचून केरळातील माशांचे कालवण पुरे होत नाही. पिढ्यान्‌पिढ्या ही दोन्ही फळे अन्न म्हणून खाल्ली गेली आणि त्यांच्याविषयी कोणाची काही तक्रार ऐकू आली नाही.

याच कुडंपुळीच्या सालीतील आम्लाचा अर्क गेली तीसेक वर्षे जगभर वजन घटवणारे नैसर्गिक द्रव्य म्हणून विकला जात आहे, आणि त्याच्या जोडीला हिरव्या चहाचा अर्क, कच्च्या कॉफीच्या बियांचा अर्क, दारुहळदीतले बर्बेरीन, आफ्रिकेच्या वाळवंटातली हुडिया अशा वनस्पतींची एक लांबलचक रांग उभी राहिली आहे. शरीरात मेद तयार होण्याची क्रिया रोखतो, भूक मंदावतो, चयापचय वाढवतो, असे जो म्हणतो तो औषधाचा दावा करीत असतो. आणि असा दावा करणाऱ्याने औषधाला जी परीक्षा द्यावी लागते ती द्यावी, शाबितीची जबाबदारी विकत घेणाऱ्यावर न ढकलता स्वतः उचलावी, इतकी साधी अपेक्षा आपल्या कायद्याने अद्याप ठामपणे अमलात आणलेली नाही, हे मला आज गांभीर्याने मांडावयाचे आहे.

रातांब्याच्या या भाऊबंदाची हकीकत सविस्तर सांगण्याजोगी आहे, कारण तिच्यात एका खऱ्या शोधाचे बाजारी दाव्यात रूपांतर कसे होते ते टप्प्याटप्प्याने दिसते. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील लुईस आणि नीलकांतन या संशोधकांनी १९६५ मध्ये दाखवून दिले की कुडंपुळीच्या सालीतले प्रमुख आम्ल हे तोवर समजले जात होते तसे टार्टारिक किंवा सायट्रिक नसून हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल आहे. हे निखळ रसायनशास्त्र होते. त्यात वजनाचा उल्लेखही नव्हता. पुढे १९६९ मध्ये अमेरिकेतील ब्रँडाइस विद्यापीठात लोवेन्स्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले की, पिष्टमय अन्नातून आलेल्या द्रव्याचे मेदात रूपांतर करण्याच्या वाटेवर पेशीत जे एक विकर काम करते, त्याला हे आम्ल अडवते. उंदरांवर प्रयोग झाले. भरपूर पिष्ट आणि शर्करा खाऊ घातलेल्या उंदरांत मेदनिर्मिती घटली, त्यांचे खाणेही काहीसे कमी झाले. इथवर सारे यथार्थ आहे, आणि त्या संशोधकांच्या कामाविषयी आदरच वाटावा असे आहे.

अडचण पुढच्या पायरीवर आहे. माणसाच्या शरीरात पिष्टापासून नव्याने मेद तयार होण्याची क्रिया नेहमीच्या आहारात फार थोड्या प्रमाणात चालते. आपल्या पोटावर आणि मांड्यांवर साठणारा मेद बहुतांशी जेवणातल्या तेलातुपातून थेट येतो, आणि पिष्ट अधिक खाल्ले की शरीर ते आधी जाळते व मेद जाळणे लांबणीवर टाकते. म्हणजे ज्या वाटेवर हे आम्ल नाकाबंदी करते त्या वाटेने मुळातच रहदारी थोडी. उंदराच्या पिंजऱ्यात जे घडले ते माणसाच्या ताटात घडेल, असे मानण्यास शास्त्रीय आधार पहिल्यापासून दुबळा होता. तरीही अर्काचे कारखाने उभे राहिले, आणि तो खरेच उपयोगी पडतो का याची माणसांवरची काटेकोर चौकशी मागाहून झाली. न्यूयॉर्कमध्ये हेम्सफील्ड आणि सहकाऱ्यांनी १३५ स्थूल स्त्रीपुरुषांचे दोन गट करून बारा आठवडे एका गटास रोज दीड ग्रॅम आम्ल आणि दुसऱ्यास हुबेहूब दिसणारी निर्द्रव्य गोळी दिली. दोन्ही गटांना आहार सारखाच, तंतुयुक्त आणि कमी उष्मांकांचा. १९९८ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला निकाल असा की, अर्क घेणाऱ्यांचे वजन सरासरी ३.२ किलोने उतरले आणि निर्द्रव्य गोळी घेणाऱ्यांचे ४.१ किलोने. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने नगण्य होता, म्हणजे अर्काने अपाय केला असे म्हणता येणार नाही. पण जे काही किलो उतरले ते आहाराने उतरले, अर्काने नव्हे, हे त्यातून स्पष्ट झाले. पुढे २०११ मध्ये उपलब्ध चाचण्यांची एकत्र छाननी झाली तेव्हा हाती लागला तो एक किलोहूनही कमी असा, ०.८८ किलोचा फरक, आणि ज्या चाचण्या अधिक काटेकोर होत्या त्यांत तोही टिकला नाही.

यावर कोणी म्हणेल की, गुण नसेल तर नसो, निदान अवगुण तर नाही. माणूस चार पैसे खर्चून समाधान विकत घेत असेल तर सरकारने मध्ये का पडावे? या युक्तिवादाचे उत्तर यकृताच्या वॉर्डात मिळते. वजन घटवणाऱ्या एका अतिशय खपाऊ पूरकाबद्दल, ज्याच्या मिश्रणात हा अर्कही होता, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मे २००९ मध्ये जाहीर इशारा दिला. यकृताच्या विकाराच्या २३ तक्रारी त्याच्या दप्तरी जमा झाल्या होत्या आणि त्यांत एका तरुणाचा मृत्यू होता. माल बाजारातून परत घेण्यात आला. दोष मिश्रणातील नेमक्या कोणत्या घटकाचा यावर पुष्कळ वाद झाला. पण त्यानंतर केवळ या अर्काच्या सेवनानंतर उद्भवलेल्या कावीळसदृश आजारांच्या नोंदीही वैद्यकीय वाङ्मयात जमा होत गेल्या, आणि २०२५ मध्ये फ्रान्सच्या अन्नसुरक्षा संस्थेने असली पूरके घेऊच नयेत असा सल्ला दिला. हिरव्या चहाची गोष्टही याहून फार निराळी नाही. पेल्यातला चहा निर्धोक. पण त्याच्या पानांतील कॅटेचिन नावाचे द्रव्य अर्करूपाने दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक घेतल्यास यकृताच्या तपासणीचे आकडे बिघडू शकतात, असे युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये नमूद केले. आमटीतली दोन आमसुले आणि रोजचे दीड ग्रॅम शुद्ध आम्ल यांच्यात जे अंतर आहे ते केवळ प्रमाणाचे आहे असे वाटते खरे, परंतु विषविद्येत प्रमाण हीच मुख्य गोष्ट असते, आणि पिढ्यांच्या अनुभवाने जे निर्धोक ठरवले ते आमसूल होते, अर्क नव्हे.

औषधाच्या कोणत्याही मोठ्या दुकानात जाऊन असा एखादा डबा हातात घेऊन नीट पाहावा. दर्शनी बाजूस हिरवेगार पान, पिवळसर फळाचे चित्र, सडपातळ कमरेभोवती गुंडाळलेली मोजपट्टी आणि ‘शंभर टक्के नैसर्गिक’ ही ठळक अक्षरे. डबा फिरवला की भिंगाखेरीज वाचता न येणाऱ्या टायपात अर्काचे मिलिग्रॅम, त्यातील आम्लाचा अंश, चौदा अंकी अन्न-परवान्याचा क्रमांक, गर्भवती व स्तनदा मातांनी वैद्यकीय सल्ला घ्यावा अशी सूचना, आणि ‘वैद्यकीय उपयोगासाठी नाही’ ही नियमाने सक्तीची केलेली ओळ. समोरच्या बाजूने वचन द्यावे आणि पाठीमागच्या बाजूने ते नाकारावे, अशी ही रचना आहे. आणि ती बेकायदा नाही, हेच तिचे सर्वांत चिंताजनक अंग आहे.

पण डब्यावर जे छापलेले असते तेच आत असेल, याची तरी खात्री कोण देणार? अमेरिकेच्या त्याच प्रशासनाने २००७ ते २०१६ या काळात छुपी औषधे मिसळलेली जी ७७६ पूरके पकडली, त्यांतली ३१७ वजन घटवण्याची होती, आणि त्या ३१७ पैकी २६९ मध्ये सिब्युट्रामीन सापडले. हे भूक मारणारे रासायनिक औषध हृदयविकार आणि पक्षाघात यांचा धोका वाढवते असे दिसून आल्यावर २०१० मध्ये अमेरिकेच्या बाजारातून काढले गेले आणि फेब्रुवारी २०११ मध्ये भारतातही त्यावर बंदी आली. ज्या औषधाला डॉक्टरच्या चिठ्ठीनेही मुभा उरली नाही ते औषध वनौषधीच्या नावाने, चिठ्ठीवाचून, मात्रेच्या उल्लेखावाचून माणसाच्या पोटात जात होते. रक्तदाबाचा विकार असलेल्या ज्या गृहिणीने ‘हे तर झाडपाल्याचे आहे’ म्हणून निर्धास्तपणे ते घेतले असेल, तिच्या विश्वासाचा याहून क्रूर गैरवापर मला सुचत नाही.

भेसळ हेतुपुरस्सर नसली तरी काय अनर्थ होऊ शकतो, हे ब्रुसेल्सने पाहिले आहे. तिथल्या एका वजन घटवण्याच्या दवाखान्याने १९९० मध्ये आपल्या औषधयोजनेत चिनी वनस्पतींच्या चूर्णाची भर घातली. त्यानंतर दोन वर्षांच्या आत, पन्नाशीच्या अलीकडच्या, तोवर धडधाकट असलेल्या स्त्रिया मूत्रपिंडे झपाट्याने निकामी झालेल्या अवस्थेत रुग्णालयात येऊ लागल्या. व्हानहेरवेघम या मूत्रपिंडविकारतज्ज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धागा जुळवला तेव्हा अशा नऊ जणी त्याच दवाखान्याच्या रुग्ण असल्याचे निघाले, आणि १९९३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याची वार्ता आली. स्टेफानिया नावाच्या वनस्पतीच्या जागी नामसाधर्म्यामुळे अॅरिस्टोलोकिया ही दुसरीच वनस्पती चूर्णात गेली होती आणि तिच्यातील आम्ल मूत्रपिंडाला घातक होते. बाधितांचा आकडा पुढे शंभराच्या वर गेला. ज्यांची मूत्रपिंडे पार गेली होती अशा ३९ रुग्णांनी खबरदारी म्हणून ती व मूत्रवाहिन्या काढून टाकण्यास संमती दिली, आणि तपासणीत त्यांतील १८ जणांत कर्करोग आढळला. या स्त्रियांना कसलाही जीवघेणा आजार नव्हता. त्यांना थोडे वजन उतरवायचे होते. दोन्ही वनस्पती निसर्गानेच निर्माण केलेल्या होत्या, आणि गोदामात आलेले मूळ कोणते आहे याची प्रयोगशाळेत खातरजमा करून घ्यावी असे बंधन त्या व्यवहारात कोणी पाळले नाही.

आपल्याकडे या मालाच्या समर्थनार्थ शास्त्राची साक्ष काढण्याची रीत आहे, म्हणून शास्त्रात काय आहे तेही पाहिले पाहिजे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला एकविसावा अध्याय स्थूल आणि कृश यांच्या चिकित्सेला वाहिलेला आहे. त्यात स्थौल्याची कारणे सांगताना अतिभोजन, व्यायामाचा अभाव, दिवसा झोपणे, निश्चिंतपणा यांच्याबरोबर बीजस्वभावाचाही, म्हणजे ज्याला आज आनुवंशिकता म्हणतात त्याचाही, विचार केलेला आहे. आणि उपाय सांगताना गुळवेल, नागरमोथा, त्रिफळा, मध यांच्या जोडीला आहाराची निवड, श्रम, जागरण आणि चिंतन ही हळूहळू वाढवत न्यावीत असे सांगितले आहे. वैद्य रोग्याची प्रकृती, अग्नी, बल पाहतो आणि मग योजना ठरवतो, अशी ती समग्र चिकित्सा आहे. तिच्यातून एक पाला उचलायचा, त्याचे एक रसायन वेगळे काढायचे, वैद्याला, पथ्याला आणि श्रमांना रजा द्यायची, आणि मग सहस्रावधी वर्षांच्या परंपरेचे नाव डब्यावर छापायचे, हा आयुर्वेदाचा सन्मान नाही. ज्यांना आयुर्वेदाविषयी खरी आस्था आहे त्यांनीच या प्रकाराविरुद्ध प्रथम आवाज उठवावा, असे मला मनापासून वाटते.

शास्त्रवचनापासून औषधापर्यंत जाण्याचा सरळ मार्ग आपल्या देशात अज्ञात होता असेही नाही. बनारस हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती यांनी सुश्रुतसंहितेतील मेदोरोगाचे वर्णन आधाराला घेऊन गुग्गुळावर प्रयोग केले आणि १९६६ मध्ये आपला प्रबंध सादर केला. पुढे लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने गुग्गुळाचे प्रमाणित औषध सिद्ध केले. ते रक्तातील मेद उतरवण्यासाठी होते, आणि औषध म्हणूनच पुढे आले. २००३ मध्ये अमेरिकेत १०३ रुग्णांवर झालेल्या चाचणीत त्याने घातक कोलेस्टेरॉल उतरण्याऐवजी किंचित वाढलेलेच आढळले, आणि त्यावर तज्ज्ञांत बरीच चर्चा झाली. निकाल प्रतिकूल आला म्हणून सत्यवतींच्या कामाचे मोल कमी होत नाही. प्रश्न उघडपणे विचारला गेला, उत्तर उघडपणे मिळाले; औषधाने असेच वागावयाचे असते. याच्या उलट कच्च्या कॉफीच्या अर्काचे पाहा: ज्या चाचणीच्या बळावर अमेरिकेत दूरचित्रवाणीवरून त्याचा गाजावाजा झाला ती बंगळूरमध्ये अवघ्या सोळा जणांवर झाली होती, तिच्यात माणसांच्या वजनाचे आकडेच फिरवण्यात आले होते असा ठपका अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ठेवला, आणि २०१४ मध्ये तो निबंध मागे घेण्यात आला. तोवर माल विकून झाला होता.

जंगलालाही या बाजाराची किंमत मोजावी लागते. कच्छ-राजस्थानातला गुग्गुळ आज अतिसंकटग्रस्त वनस्पतींच्या यादीत आहे. उत्तर कन्नडच्या रानात परदेशी मागणीने उप्पग्याला भाव आला तेव्हा फळ पिकण्याआधी ओरबाडणे, फांद्या छाटणे, आणि ऐन पावसाळ्यात साली वाळवण्यासाठी गाडाभर लाकूड जाळणे असे प्रकार झाले. ज्या फळाने गावाचे कालवण आंबट केले त्याच्या झाडावर ही पाळी यावी, तीही ज्याचा गुण सिद्ध झालेला नाही अशा अर्कासाठी, याचे दुःख होते.

आता कायद्याकडे वळू. औषधे आणि चमत्कारिक उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) यांविषयीचा १९५४ चा कायदा जुना असला तरी दूरदृष्टीचा आहे; ज्या रोगांवर इलाज असल्याची जाहिरात करण्यास त्याने मनाई केली त्यांच्या अनुसूचीत स्थूलत्वाचा स्पष्ट समावेश आहे. मग ही जाहिरात चालते कशी? शरीराच्या रचनेवर व क्रियेवर परिणाम करणाऱ्या वस्तूंना औषध म्हणताना त्या कायद्याच्या व्याख्येने अन्नाला वगळलेले आहे, आणि पूरके ही अन्नसुरक्षा व मानके अधिनियम, २००६ आणि त्याखालील नियमांनुसार अन्न ठरतात. या फटीतून सारा माल आत येतो. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस अन्नसुरक्षा कायद्यात दहा लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने वारंवार गुन्हा करणाऱ्यासाठी ती पन्नास लाखांपर्यंत नेली आहे आणि जाहिरातीत चेहरा देणाऱ्या नामवंतांनाही जबाबदार धरले आहे. परंतु दंड हा मागाहूनचा उपाय आहे. माझी मागणी आधीच्या उपायाची आहे. ‘वजन’, ‘मेद’ किंवा ‘चरबी’ घटवण्याचा दावा शब्दांनी, चित्राने किंवा मोजपट्टीने जो कोणी करील, त्याच्या मालाला अन्नाचा परवाना पुरेसा समजू नये. त्याने माणसांवरच्या चाचणीचे दस्तऐवज आधी दाखल करावेत, कच्च्या मालाच्या प्रत्येक खेपेची ओळख प्रयोगशाळेत पटवून घ्यावी आणि सिब्युट्रामीनसारख्या छुप्या औषधांची तपासणी सरकारी खर्चाने नव्हे, स्वतःच्या खर्चाने करून तिचा दाखला डब्यावर छापावा.

यावर छोट्या उत्पादकांचे कसे होणार, असा प्रश्न येईल, आणि तो अप्रामाणिक नाही. त्याचे उत्तर असे की, जो कोकमाचे सरबत सरबत म्हणून आणि इसबगोल इसबगोल म्हणून विकतो त्याला यातले काहीच लागू नाही. तंतुमय पदार्थांनी पोट भरल्याची भावना होते हे खरे आहे; कोंजाक नावाच्या कंदातील ग्लुकोमॅनन दिवसाला तीन ग्रॅम, जेवणाआधी भरपूर पाण्याबरोबर आणि कमी उष्मांकांच्या आहाराच्या जोडीने घेतल्यास वजन उतरण्यास हातभार लागतो, हा दावा युरोपीय प्राधिकरणाने २०१० मध्ये पुरावा तपासून मान्य केला आहे. ज्याच्याजवळ पुरावा आहे त्याला छाननीचे भय बाळगण्याचे कारण नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयाच्या २४ टक्के स्त्रिया आणि जवळजवळ २३ टक्के पुरुष प्रमाणाबाहेर वजनाचे आढळले. हा समुदाय आळशी वा भोळा नाही. बाळंतपणानंतर नातलगांचे टोमणे ऐकणारी सून, लग्नाच्या बैठकीत नकार पचवलेली मुलगी, बारा तास खुर्चीला खिळून उपनगरी गाडीने घरी येणारा कारकून, मधुमेहाची कुणकुण लागलेला शिक्षक: यांच्या हाताशी आहारतज्ज्ञ नाही, चालायला मोकळे मैदान नाही, आणि डॉक्टरपाशी त्यांच्यासाठी पाच मिनिटांपलीकडे वेळ नाही. त्या पोकळीत हिरव्या पानाचा डबा येतो. म्हणून वजनाचा प्रश्न घेऊन येणाऱ्या माणसाला सरकारी रुग्णालयात वेळ मिळावा, समुपदेशन मिळावे, ही तजवीज जाहिरातींवरच्या बंधनांइतकीच निकडीची आहे.

आणखी एक गोष्ट तातडीने होण्यासारखी आहे. अमेरिकेत २००६ च्या कायद्याने पूरकांच्या उत्पादकांना गंभीर दुष्परिणामांची प्रत्येक तक्रार सरकारला कळवणे भाग पडले. आपल्याकडेही तसे स्पष्ट बंधन असावे आणि औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारी गाझियाबादची यंत्रणा पूरकांच्या नोंदींसाठी सर्व रुग्णालयांनी आवर्जून वापरावी. कोणती औषधे चालू आहेत, या डॉक्टरच्या प्रश्नाला रुग्ण बहुधा ‘काही नाही’ असे उत्तर देतो, कारण स्वयंपाकघराच्या फडताळातला तो डबा त्याच्या लेखी औषध नसतोच; तेव्हा चूर्ण, काढा, अर्क, गोळी काही घेता का, असे डॉक्टरांनीच वेगळे विचारावे. आणि जे कोणी असले पूरक आज घेत असतील त्यांना लघवी गडद होणे, डोळ्यांत पिवळेपणा, अंगाला खाज, अन्नावरची वासना उडणे यांतले काहीही जाणवल्यास त्यांनी ते त्याच दिवशी बंद करावे आणि डॉक्टरकडे जाताना डबा बरोबर न्यावा.